पोथी उतरविण्याचा नित्यनेम

॥ रामकृष्णहरि ॥

गेल्या चातुर्मासात मोर्शी येथे आमची कीर्तनसेवा चालू असता काही माळकरी मंडळी बिऱ्हाडी भेटावयास आली. बोलता बोलता त्यांतील एका गृहस्थांनी विचारले, "महाराज, ज्ञानेश्वरी छापील मिळते, आता तर मोबाइलातही मिळते. मग ती हाताने वहीत उतरून काढायची कशाला? तेवढ्या वेळात चार पारायणे होतील." प्रश्न खोडसाळ नव्हता. कळकळीचा होता. कीर्तनाची वेळ झाली होती म्हणून आम्ही दोन शब्दांत उत्तर देऊन उठलो. पण ते उत्तर आमचे आम्हांसच अपुरे वाटले. ते येथे पुरे करीत आहोत. यात आमच्या एका अपराधाची कबुलीही यावयाची आहे. ती टाळून हा विषय सांगता येणार नाही.

पूर्वपक्ष

शास्त्राची रीत अशी की, आधी विरुद्ध पक्ष नीट मांडावा. आमचे शिक्षण जुन्या पाठशाळेत झाले. तेथे लिहिण्याला मान नव्हता, मान होता तो मुखोद्गत असण्याला. संथा घ्यावी, ती घोकावी, दुसऱ्या दिवशी गुरुजींपुढे न अडखळता म्हणावी. वहीत डोकावणाऱ्या विद्यार्थ्याला गुरुजी हसत. त्यांच्या हसण्यास आधारही होता. पाणिनीय शिक्षेत हलक्या प्रतीच्या पाठकांची जी यादी आहे, तीत लिहिलेले पाहून म्हणणारा एक आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात तर वेद विकणाऱ्यांच्या जोडीला वेद लिहून काढणाऱ्यांनाही नरकाची वाट दाखविली आहे. तेव्हा कोणी म्हणेल की, जेथे शास्त्रच लेखनाला नावे ठेवते, तेथे वारकऱ्याने बोटे का शिणवावी?

याला पहिले उत्तर महाभारतच देते. व्यासांनी भारत रचिले, पण लिहिणार कोण? गणपती लेखक झाले. त्यांनी अट घातली की, माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ समजल्यावाचून एक अक्षर लिहू नये. ही कथा लहान पोरही सांगेल. परंतु पोथी उतरविण्याचे सगळे शास्त्र या दोन अटींत आले आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. पहिली अट नेमाची आहे, खंड पडू नये. दुसरी अट अर्थाची आहे, समजल्यावाचून हात पुढे जाऊ नये. शिक्षेने निंदा केली ती कागदाला लटकून राहणाऱ्याची. जो कागदावरचे अक्षर हाताने काढून, तोंडाने म्हणून, मनात उतरवून घेतो, त्याला ती निंदा लागत नाही. पुराणांनी ग्रंथ लिहवून दान करण्याचे पुण्य सांगितले आहे, तेही याच अर्थाने घ्यावे.

आपल्या संप्रदायातील लेखक

आता आपल्या घरात या. शके १२१२ त नेवाशास ज्ञानेश्वर माउली बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ग्रंथाच्या शेवटी शकाबरोबर या लेखकाच्या नावाची नोंद आहे. आपला आद्य ग्रंथ बोलणाऱ्याबरोबर लिहिणाऱ्याचेही नाव घेऊन पुरा होतो, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे शके १५०६ त पैठणास नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. वजाबाकी करून पाहा. मध्ये २९४ वर्षे गेली. एवढ्या काळात छापखाना नव्हता. कोणी एकाने पाहून लिहिले, त्याचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने. प्रत्येक हाती काही सुटले, काही घुसले. नाथांनी अनेक प्रती गोळा करून, ताडून, पाठ निश्चित केला आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या यात घालू नयेत अशी कडक ताकीद देऊन ठेविली. भाद्रपद वद्य षष्ठीस आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, तेव्हा हे शोधनकार्यही आठवावे. नाथांची ख्याती मोठ्या कवीची. रुक्मिणीस्वयंवर, नाथभागवत, भावार्थरामायण त्यांनी रचिले. असा समर्थ कवी दुसऱ्याच्या ग्रंथापुढे बसतो आणि स्वतःचे एक अक्षर त्यात मिसळत नाही. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या घरी एका पैच्या चुकीसाठी रात्र जागविल्याची नाथांची कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. ती पै शोधणारा हातच पुढे ओव्या शोधू शकला.

तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तरल्या, ही आपली श्रद्धा आहे. त्या श्रद्धेला जोडून हेही स्मरावे की, चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगाधरबुवा मवाळ हे टाळकरी महाराजांचे अभंग लिहून ठेवीत होते. आज गाथ्यात साडेचार हजारांवर अभंग आपण म्हणतो. मुंबईस १८६९ साली तो सरकारी खर्चाने छापावयास घेतला, तेव्हा शास्त्री-पंडितांपुढे जी सामग्री होती ती कोणाच्या तरी हाताने लिहिलेल्या वह्यांचीच होती. छापखाना वहीच्या पोटी जन्माला आला आहे.

आपल्या वऱ्हाडातील दोन उदाहरणे

मोर्शीकरांनी तर यासाठी फार दूर जाऊ नये. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातच आहे. महानुभाव पंथ आपला नव्हे, उपासना वेगळी, आचार वेगळा. परंतु गुण दिसेल तेथे घ्यावा. गोविंदप्रभूंच्या या गावी म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास श्रीचक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडे जावे, विचारावे, नागदेवाचार्यांपुढे ती पारखून घ्यावी आणि मग लिहावी, असा त्यांचा क्रम. मराठीचा तो आद्य चरित्रग्रंथ. पुढे देवगिरीवर परचक्र आले, धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना त्या लीळा पाठ होत्या त्यांनी स्मरणातून त्या पुन्हा लिहिल्या. म्हणूनच लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आहेत. पुढे त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि मठामठांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतले. विसाव्या शतकात ती लिपी बाहेरच्या विद्वानांना उलगडली तेव्हा जुन्या मराठीचे भांडार उघडले. आज त्याच रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. ज्या गावी वाडवडिलांनी मान मोडून पोथ्या उतरविल्या, त्या गावाला हा मान मिळावा हे योग्यच झाले.

दुसरे उदाहरण श्रीगुलाबराव महाराजांचे. १८८१ साली आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्म, नवव्या महिन्यापासून दृष्टी नाही, माधान येथे वास्तव्य, आणि १९१५ साली पुण्यास देह ठेविला. ज्ञानेश्वर माउलीची कन्या म्हणवून घेणाऱ्या या प्रज्ञाचक्षु महाराजांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर लहानमोठे ग्रंथ सांगितले. सांगितले हा शब्द मुद्दाम वापरला. त्यांनी स्वहस्ते लिहिणे शक्य नव्हते, आणि ते ग्रंथ आज आहेत, ते कोणी तरी बसून लिहून घेतले म्हणून आहेत. बोलणारा थोर असतो, पण लिहिणारा नसता तर थोरपण वाऱ्यावर गेले असते.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. यहुदी लोकांच्या मंदिरात त्यांचा मुख्य धर्मग्रंथ आजही चामड्याच्या गुंडाळीवर हातानेच लिहितात. त्यात ३,०४,८०५ अक्षरे मोजलेली आहेत. एक अक्षर कमी पडले तरी दुरुस्तीवाचून ती गुंडाळी सभेत वाचीत नाहीत. जपानात बौद्ध उपासक प्रज्ञापारमिताहृदय हे लहानसे सूत्र कुंचल्याने उतरून काढतात आणि तेवढ्यालाच साधना मानतात. ते सूत्र आपल्या संस्कृतातही आहे. छापील ग्रंथांचा सुकाळ असूनही त्या लोकांनी हात थांबविला नाही, यावरून ही गोष्ट ग्रंथाच्या टंचाईपोटी निघालेली नाही, एवढे तरी सिद्ध होते.

आमची कबुली

आता ती चूक सांगतो.

मोर्शीच्या बाजूस एक शेतकरी माळकरी आहेत. नाव सांगू नका असे त्यांनी बजावले आहे. संत्र्याचा बगीचा, थोडे ओलित, शिक्षण मराठी चौथी. रोज पहाटे बगीच्यात जाण्याआधी ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वहीत उतरावयाच्या, असा त्यांचा नेम. नऊ हजारांवर ओव्या, रोज पाच, म्हणजे पाच वर्षे. पेरणी, लग्नकार्य, आजारपण, यांमुळे त्यांना सात वर्षे लागली. ती प्रत पुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या अध्यायापासून दुसरी सुरू केली.

एका रात्री कीर्तन आटोपल्यावर ते आमच्याजवळ आले, पाया पडले आणि खाली मान घालून म्हणाले, "महाराज, राग नाई येनार त एक गोष्ट इचारू काय?"

आम्ही म्हटले, "विचारा माउली."

"तुमी ओवी लय गोड म्हन्ता. पन त्यातला 'गा' काऊन गाळता?"

आम्हांस प्रथम कळेना. मग ध्यानात आले. भगवंत अर्जुनाशी बोलतात तेथे ओवीत पुष्कळ ठिकाणी 'गा' येतो. आम्ही तो म्हणत नव्हतो. आम्ही त्यांना समजावून सांगितले, "माउली, तो शब्द जागा भरण्यापुरता असतो. त्याला स्वतंत्र अर्थ नाही." आणि हे आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले, कारण आमच्यापाशी शास्त्र होते. संस्कृतात च, वै, तु, हि असे शब्द चरण भरण्यापुरते येतात. यास्काचार्यांनीही निरुक्तात काही निपातांना पदपूरणच म्हटले आहे.

ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अर्थ कसा नाई जी? आमी बैल हाकलतो तवा 'गा' नाई म्हनत. पोरगं रुसून बसलं, त त्याच्यापाशी बसून म्हन्तो, 'आयक गा बापू.' अर्जुन बी त तसाच बसला होता ना, धनुष्य टाकून? देवानं त्याले तसंच समजावलं असन."

आम्ही निरुत्तर झालो. वऱ्हाडात जन्म गेला, आईच्या तोंडून हा 'गा' हजार वेळा ऐकला, आणि ज्ञानेश्वरीत तो समोर आला तेव्हा आम्ही त्याला यास्काचार्यांच्या तराजूत घातले! जो शब्द देवाने भक्ताच्या पाठीवर ठेविलेला हात आहे, त्याला आम्ही भरताड ठरविले.

आम्ही विचारले, "माउली, हे तुम्हांस कोणी सांगितले?"

ते म्हणाले, "कोनं नाई. मले बी वाचताना कधी दिसला नाई. लिवताना दिसला. हात थांबते ना तिथं."

बिऱ्हाडी येऊन आम्ही आमची जुनी टिपणवही काढली. पंचविशीत कीर्तनासाठी निवडक ओव्या आम्ही त्या वहीत उतरून घेतल्या होत्या आणि तीवरूनच पाठ केल्या होत्या. छापील पोथीशी ताडून पाहिले. 'गा' गाळलेला, 'पैं' गाळलेला, 'हन' गाळलेला. दोन ठिकाणी तर जुने मराठी रूप अशुद्ध समजून आम्ही आमच्या व्याकरणाने सुधारून ठेविले होते. घाईने झालेल्या चुका नव्हत्या त्या. शहाणपणाने केलेल्या होत्या. नाथांनी जे करू नका म्हणून सांगितले, नेमके तेच आम्ही केले होते, आणि चाळीस वर्षे गादीवर उभे राहून म्हटले होते.

याहून वाईट पुढे आहे. त्या वहीवरून तीन तरुण कीर्तनकारांनी आपापल्या वह्या उतरून घेतल्या होत्या. दोघांना आम्ही सर्व स्थळे कळविली आणि क्षमा मागितली. तिसरे आता हयात नाहीत. त्यांचे शिष्य आजही त्या ओव्या आमच्या चुकीसह म्हणत असतील. दोनशे-तीनशे वर्षांत पोथ्या कशा बिघडल्या असतील याचा आम्ही पुस्तकी विचार करीत होतो; ती बिघडविणारा एक हात आमच्याच मनगटाला आहे, हे त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात तीच ओवी घेतली, 'गा' म्हटला, आणि श्रोत्यांपुढे सर्व सांगितले. त्या दिवसापासून आम्हीही रोज पाच ओव्या उतरीत आहो.

चूक कशी होते

अनुभवाने काही गोष्टी कळल्या, त्या लिहितो. पहिली ही की, डोळा फसवितो. ओवीचे चरण यमकाने बांधलेले असतात. एक चरण लिहून डोळा परत पोथीकडे जातो तो त्याच यमकाच्या दुसऱ्या चरणावर बसतो आणि मधला चरण सुटतो. दुसरी ही की, अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरे मोजलेली असतात. एक गळले तर कान लगेच सांगतो. ओवी तशी मोजलेली नाही. तीत एक लहान शब्द गळला तरी चाल बिघडत नाही, कान काही सांगत नाही. म्हणून ओवी लिहिणाऱ्याने श्लोक लिहिणाऱ्याहून अधिक जपावे लागते. तिसरी ही की, परिचय फसवितो. जी ओवी पाठ आहे ती आपण पाहत नाही, आठवतो. आणि आठवणीत जी चूक आहे तीच कागदावर उतरते. पारायणात हे सर्व झाकून जाते. जीभ वेगाने धावते, लहान अक्षर गिळते, आणि गिळल्याचे तिला कळतही नाही. हात तसा धावू शकत नाही. पारायणाऐवजी लेखन करा असे आम्ही म्हणत नाही. पारायणात जे गिळले गेले ते लेखनात सापडते, एवढेच म्हणतो.

जुने लेखक हे जाणून होते. त्यांच्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत, मध्ये जागा नसे. तेव्हा अर्थ कळल्यावाचून शब्द तोडताच येत नसे. गणपतीची अट तेथे आपोआप पाळली जाई. अक्षर सुटले तर काकपदाची खूण करून ते समासात लिहीत. चुकले तर त्यावर पिवळी हरताळ लावून वर शुद्ध अक्षर काढीत. 'हरताळ फासणे' हा आपला बोलण्यातला प्रयोग तेथूनच आला. आणि शेवटी, पाठ-मान मोडून हे लिहिले आहे, जपून ठेवा, अशी विनवणी करीत.

नित्यनेमाची रीत

ज्यांना हा नेम घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो.

१. लहान आरंभ करावा. पसायदानाच्या ९ ओव्या, रोज एक, नऊ दिवस. मग हरिपाठाचे २७ अभंग, रोज एक. मग बाराव्या अध्यायाच्या २४७ ओव्या, रोज पाच धरल्या तर पन्नास दिवस. एवढे निभले तरच समग्र ज्ञानेश्वरीचा संकल्प करावा. रोज पाच ओव्या म्हणजे पाच वर्षे. रोज पंचवीस म्हणजे एक वर्ष. पण पंचविसांचा मोह आरंभी धरू नये. गीतेचे ७०० श्लोक रोज दोनप्रमाणे वर्षाच्या आत होतात.

२. वेळ व जागा एकच असावी. स्नान करून, माउलींस नमस्कार करून बसावे. वही साधी, दोनशे पानी चालेल. बोरू-दौतीचा हट्ट नको, पेन चालतो. आडवे पडून, बोलत बोलत लिहू नये. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

३. आधी पूर्ण ओवी मोठ्याने वाचावी. अर्थ पाहावा. मग एक चरण पाहून, तोंडाने म्हणत, लिहावा. अक्षर पाहून अक्षर काढू नये, ते चित्र काढणे होते. ओवीही पाठीवरून लिहू नये, पोथी समोर असावी. पाठ असलेल्या ओवीस तर दुप्पट जपावे.

४. ओवीचा क्रमांक लिहिल्यावाचून पुढे जाऊ नये. चरण सुटला तर क्रमांक सांगणार नाही, पण ओवी सुटली तर सांगेल.

५. मूळात बदल करू नये. शब्द चुकीचा वाटला, जुना वाटला, अर्थहीन वाटला, तरी आहे तसा लिहावा आणि समासात बारीक खूण करावी. जाणत्यास विचारावे. बहुधा असे आढळेल की शब्द बरोबर आहे, आपले जाणणे कमी आहे. निरनिराळ्या छापील पोथ्यांत पाठभेद असतात, म्हणून एका प्रतीस एकच पोथी धरावी.

६. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी शुद्ध लिहावे. पान फाडू नये. चूक दिसत राहिली तर ती पुन्हा होत नाही.

७. दर एकादशीस त्या पंधरवड्याचे लेखन ताडून पाहावे. एकाने पोथी वाचावी, दुसऱ्याने वहीवर बोट ठेवून पाहावे. ज्यांना लिहिता येत नाही अशा घरच्या वडील मंडळींनी आणि वाचावयास शिकलेल्या नातवंडांनी यात भाग घ्यावा. या निमित्ताने चार माणसे एका ओवीभोवती बसतात.

८. पेरणीच्या, आजाराच्या, सुतकाच्या दिवसांत नेम सुटेल. सुटू द्यावा, दुसऱ्या दिवशी पुढून धरावा. सुटलेल्या दिवसाचे ऋण फेडण्यासाठी एकदम चाळीस ओव्या ओढू नयेत. वारीत असाल तर मुक्कामावर एक ओवी पुरे. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर चालणाऱ्याचे पाय दिवसभर सेवा करीत असतातच.

मायबहिणींनी हा नेम आपला नव्हे असे समजू नये. घर आवरल्यावर चुलीमागची अर्धी घटका मिळाली तरी दोन ओव्या होतात, आणि आजवरच्या अनुभवात स्वच्छ अक्षर व कमी चुका आम्हांस त्यांच्याच वह्यांत दिसल्या आहेत.

एक इशारा

या साधनेला एक कीड आहे, ती सांगून ठेवतो. प्रत पुरी झाली की सत्कार व्हावा, शाल मिळावी, किती वेळा लिहिली याचा आकडा सांगावा, अशी इच्छा डोके काढते. आकड्याने अक्षराकडचे लक्ष उडते आणि हात पुन्हा जिभेसारखा धावू लागतो. मग तो लेखनाचा नेम राहत नाही, मोजणीचा होतो. आमच्या त्या शेतकरी माउलींनी पहिली प्रत पुरी केली, तेव्हा गावात कोणाला सांगितले नाही. आम्ही विचारले, "पूर्णाहुतीला काही केले नाही काय?" ते म्हणाले, "कायची पूर्णाहुती जी? सात वर्सांत अर्ध्याच ओव्या समजल्या. म्हनून त दुसरी वही धरली."

आम्ही त्यांना विचारले की, इतके हळू लिहून मन कंटाळत नाही काय? संत्र्याला बहार यावा म्हणून पाणी तोडून झाडाला ताण देतात, हे मोर्शीकरांना सांगावयास नको. ते म्हणाले, "झाडाले ताण देल्ल्याबिगर बहार नाई येत, महाराज. मनाले बी थांबवा लागते." आमच्या पाठशाळेत धारणेचे लक्षण पुष्कळ घोकले, पण याहून सोपे करून कोणी सांगितले नव्हते.

ज्या गृहस्थांनी मूळ प्रश्न विचारला त्यांना आता आमचे उत्तर असे आहे. छापील पोथी घरात असू द्या, पारायण चालू असू द्या. एक वही आणा. येत्या एकादशीस पसायदानाची पहिली ओवी पोथी पाहून उतरा, आणि नऊ दिवसांनी ती नऊ ओव्यांची वही पोथीशी ताडून पाहा. पसायदान आपणा सर्वांस पाठ आहे. म्हणूनच त्यात कोणते अक्षर आजवर तोंडाने गिळले होते ते शोधा. सापडले तर आम्हांस कळवा. आम्हांस दोन सापडली.

॥ रामकृष्णहरि ॥